वरचा गिअर

समजा, गाडी तुम्ही चालवताय. दुसऱ्याने वापरलेली, पण तुमच्यासाठी नवी. पिवळीजर्द, दोन दारांची, इतकी बुटकी की आत बसताना आधी डोकं घालावं की पाय, याचा विचार करावा लागतो. समोर उड्डाणपुलाचा चढ आहे, शेजारी बायको बसली आहे. आणि बॉनेटखालून आवाज यायला लागतो. आत कोणीतरी हातोडी घेऊन बसलंय असा. पाय दाबला की ठोके जोरात, सोडला की हळू. थोड्या वेळाने समोर तेलाचा लाल दिवाही लागतो.

अशा वेळी तुम्ही काय कराल?

आमच्याकडे निम्म्या गावाला याचं उत्तर पाठ आहे. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, क्लच दाबा, गाडी कडेला घ्या, इंजिन बंद करा आणि ‘बघूया तरी चालू होतंय का’ म्हणून पुन्हा किल्ली फिरवू नका. हे सगळ्यांकडून घोकून घेणारा माणूस एकच, मोटार ट्रेनिंग स्कूलचे मास्तर. ज्याला हे उत्तर आलं नाही त्याला ते त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावू देत नसत.

पण त्या रविवारी त्या पुलावर, त्या पिवळ्या गाडीत मास्तर स्वतःच होते. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. बायको म्हणाली, “अहो, काहीतरी वाजतंय.” मास्तर म्हणाले, “ऐकू येतंय मला. आता त्यालाच ऐकवतो.” आणि गाडी तशीच पुढे दामटली.

‘त्याला’ म्हणजे साडूला. गाडी साडूकडून घेतली होती.

मास्तरांचं भांडण नाही असा माणूस शोधून काढावा लागेल. शाळेच्या एका बाजूला सलून आहे आणि दुसऱ्या बाजूला चष्म्यांचं दुकान. सलूनवाल्याशी त्यांचं कापलेल्या केसांवरून भांडण, कारण ते उडून यांच्या पायरीवर येतात. चष्मेवाल्याशी पार्किंगवरून. शाळा म्हणजे एक खोली. आत एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, त्यातला लाल रंग उन्हाने गुलाबी झालेला. कोपऱ्यात लाकडी स्टँडवर कापून उघडा केलेला एक गिअरबॉक्स. त्याला कोणी बोट लावलं तर मास्तर ओरडत, “प्रदर्शन आहे का?” खरं तर ते प्रदर्शनच होतं.

बाहेर दोन पांढऱ्या गाड्या. दोन्हीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक. मास्तर त्या पेडलांवर पाय आणि मांडीवर किल्ल्यांचा जुडगा ठेवून बसत. शिकणाऱ्याने दुसऱ्या गिअरमध्ये गाडी जरा जास्त वेळ ठेवली, इंजिनाचा आवाज जरा चढला, की गिअरच्या दांड्यावरच्या हातावर जुडगा बसायचा. “वरचा टाक. इंजिन बोंबलतंय, लाज वाटत नाही?” मी त्यांच्याकडेच शिकले. माझ्याही हातावर बसलाय.

त्यांच्या मते आवाज करणारी गाडी म्हणजे अडाणी ड्रायव्हर. इंजिन कुजबुजलं पाहिजे. चौथ्या गिअरमध्ये गाडी चालत असेल तर तिसरा टाकणं म्हणजे पेट्रोलची नासाडी, इंजिनाचे हाल आणि रस्त्यावरच्या लोकांना त्रास. मास्तरांच्या हाताखालून गेलेली गाडी चढावर ओळखू येते. आरसे थरथरत असतात, डॅशबोर्ड खुळखुळत असतो, पण गिअर वरचाच. पोरांनी त्यांचं नावच ‘वरचा’ पाडलं होतं. “वरचा आला का रे?” असं सलूनमध्ये बसून विचारायचे, आणि मास्तरांना ते भिंतीपलीकडून ऐकू जायचं.

असा माणूस स्पोर्ट्स कार कशाला घेईल, असं कोणीही विचारेल. त्यांच्या बायकोनेही विचारलं. ती दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायचं काम करते. दिवसभर कण्हणाऱ्या लोकांशी बोलून तिच्या आवाजाला एक थंडपणा आलाय. “दोनच माणसं बसतात त्यात,” ती म्हणाली. “म्हणजे कोणाला कुठे सोडायचं झालं तर मी चालत येऊ का?” खरं उत्तर त्यांनी एकदा मला दिलं होतं, तेही चिडून. म्हणाले, सगळा जन्म चुकीच्या सीटवर बसून गेला. स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात आणि जीव आपला मुठीत. आता अशी गाडी पाहिजे, जिच्यात पेडलं एकाच बाजूला आहेत आणि ती बाजू माझी आहे.

साडूचं टाइल्सचं दुकान आहे. खाली दुकान, वर घर. दुकानासमोरच्या मोकळ्या जागेत त्याने नमुन्याच्या पांढऱ्या फरश्या बसवून घेतल्यात, गिऱ्हाईकाने चालून बघावं म्हणून. मास्तर त्याला मागे ‘फरशी’ म्हणतात, आणि पुष्कळदा तोंडावरही. साडू गोड बोलतो. मास्तरांच्या दृष्टीने तोच त्याचा मोठा दोष. लग्न झाल्यावर त्याला गाडी मास्तरांनीच शिकवली होती, घरचा माणूस म्हणून फुकट. आणि फुकट असल्यामुळे जुडगा जरा जास्तच चालवला. मेहुणी अजून सांगते की तेव्हा नवरा घरी यायचा तो बोटं फुंकत.

दुकान चांगलं चालायला लागल्यावर साडूने ती पिवळी गाडी नवी कोरी घेतली. मास्तर तेव्हा म्हणाले होते, “फरश्या विकणाऱ्याला रेसमध्ये कुठे जायचंय?” आणि मग बरीच वर्षं, साडूकडे जेवायला गेले की जेवण लवकर आटपून खाली गाडीजवळ जाऊन उभे राहायचे. मग साडूच्या कमरेने संप केला. इतक्या खालच्या सीटवरून उठायला त्याला दोन माणसं लागायला लागली. गाडी विकायची ठरली. मास्तरांनी बायकोमार्फत मेहुणीला आणि मेहुणीमार्फत साडूला कळवलं की बाहेर दाखवू नका.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढे त्यावरून फार आरडाओरडा झाला. साडू स्वतः म्हणाला होता की घेण्याआधी कोणाकडून तरी तपासून घ्या. माझी आतेबहीण गॅरेज चालवते. आम्ही तिला ताई म्हणतो, गिऱ्हाईकंही ताईच म्हणतात. तिनेही निरोप पाठवला होता की आणा, बघून देते. मास्तरांना दोन्हींचा राग आला. साडूचा, कारण तो उपकार केल्यासारखं बोलला. ताईचा, कारण इंजिन बघायला आपल्याला दुसऱ्याची गरज आहे असं तिला वाटलं. त्यांनी गाडी फक्त चालवून बघितली. दुकानापासून निघून चौकाला वळसा घालून परत. दुसऱ्या वळणाला चौथ्यात, परत येताना पाचव्यात. उतरले आणि म्हणाले, “काय शांत आहे.” व्यवहार झाला.

पुढचे काही आठवडे मास्तर रोज शाळा सुटल्यावर गाडी काढायचे. पुलावरून जायचे, पुलावरून यायचे. बायको रविवारी बरोबर जायची. तिचं मत विचारलं तर म्हणायची, “खुर्चीत बसल्यासारखं वाटत नाही, बादलीत बसल्यासारखं वाटतं.”

आणि मग तो रविवार. साडूकडेच जेवायला बोलावलं होतं. पुलाच्या चढावर ठोके सुरू झाले. बायकोने थांबा म्हटलं, दिवा लागला तेव्हा पुन्हा म्हटलं. मास्तर म्हणत होते की आत्ता बंद केली आणि पुन्हा चालू करताना आवाज गेला, तर हा फरशी म्हणेल आवाज नव्हताच. त्याच्या दारात, त्याच्या कानासमोर वाजला पाहिजे. म्हणून आख्खा पूल, त्यानंतरचा मोठा रस्ता आणि बाजाराची गल्ली, ठोके मोजायला लावणारी ती गाडी घेऊन ते गेले. वरच्याच गिअरमध्ये, कारण खालच्यात आवाज जास्त येतो आणि लोक बघतात.

साडू दुकानाचं शटर ओढत होता. मास्तरांनी गाडी त्या पांढऱ्या फरश्यांवर घेतली, काच खाली केली आणि म्हणाले, “ऐक.” ऐकवण्यासाठी म्हणून पाय दाबला. एक मोठा दणका झाला, मग काहीतरी आतल्या आत फिरून आपटल्याचा आवाज, आणि मग एकदम काही नाही. गाडीखालून काळं तेल निघालं आणि फरश्यांच्या सांध्यांतून चौकोन चौकोन आखत पायरीपर्यंत गेलं. इंजिनाला बाजूने मुठीएवढं भोक पडलं होतं.

जेवण राहिलं बाजूला. मास्तर म्हणाले, तू मला मोडकी गाडी गळ्यात मारलीस. साडू म्हणाला, माझ्याकडे इतकी वर्षं होती, शिंकलीसुद्धा नाही. मास्तर म्हणाले, तेल बदललं नसशील, तू दुकानातल्या नळाचा वॉशर बदलत नाहीस. साडू म्हणाला, आवाज येत असताना गाडी हाणत आणली ती कोणी, मी? तपासून घ्या म्हटलं होतं तेव्हा नाक कोणाचं वर होतं? वरच्या मजल्यावरून मेहुणी म्हणाली की शेजारी ऐकतायत. मास्तरांची बायको गाडीतून उतरायचा प्रयत्न करत होती आणि कोणाचंच लक्ष नव्हतं. शेवटी ती तेलात पाय ठेवून उतरली, आणि चप्पल तिथेच सोडून अनवाणी वर निघून गेली.

भांडणाच्या भरात मास्तर ते बोलून गेले, ज्यासाठी ही सगळी हकिकत लिहायला घेतली.

“हे इंजिन माझ्या हातून गेलं असं कोणी सिद्ध केलं, तर शाळेची पाटी मी स्वतः उतरवतो. ज्याला गाडी कळत नाही त्याने शिकवू नये.”

साडू नेहमी गोड बोलणारा. पण पांढऱ्या फरशीवर तेल सांडलेलं बघून त्याचीही जीभ सुटली होती. “ठरलं,” तो म्हणाला. “आणि माझ्या हातून गेलं असेल तर गाडी मी परत घेतो.”

म्हणजे आता इंजिन कोणी मारलं, एवढाच प्रश्न उरला. मास्तरांना पैशांपेक्षा हा प्रश्न मोठा होता. आपण फसवले गेलो, असं निघालं तर ते आनंदाने सगळ्या गावाला सांगत फिरले असते. दुसरं काही निघालं तर काय, हा विचारच त्यांनी केला नव्हता.

गाडी क्रेनने ताईच्या गॅरेजमध्ये आली. गॅरेज एका जुन्या गोदामाच्या मागच्या भागात आहे. वर पत्रा, खाली तेल पिऊन काळी झालेली जमीन, मध्ये खड्डा. मी सुट्टीच्या दिवशी तिथे जाते, कधी मदतीला, कधी नुसतीच. ताई कामाला चोख आणि तोंडाने फटकळ. मास्तर रोज यायचे आणि तिला काय सापडायला हवं ते सांगून जायचे. जुनं दुखणं असणार. रंगरंगोटी करून विकलेली असणार. तिसऱ्या दिवशी ताई म्हणाली, “मास्तर, तुम्हाला सगळं माहीतच आहे तर मी उघडू कशाला? झाकून ठेवते.” त्यानंतर ते आले नाहीत, फोन करायचे.

तिकडे दोन बहिणींचं बोलणं बंद झालं. भांडण नवऱ्यांचं, पण एक म्हणाली, “तुझ्या नवऱ्याने दारात घाण केली,” आणि दुसरी म्हणाली, “तुझ्या नवऱ्याने घाण विकली.” एवढ्यावर फोन ठेवले गेले. लहानपणापासून रोज एकमेकींशी बोलणाऱ्या दोघी. मास्तरांची बायको घरात बोलायचीही थांबली. मास्तरांनी चहा मागितला तर पातेल्याकडे बोट दाखवायची.

इंजिन उघडून झालं तेव्हा ताईने दोघांनाही एकाच वेळी बोलावलं. म्हणाली, मी एकाला सांगायचं आणि त्याने दुसऱ्याला तिखटमीठ लावून सांगायचं, हे माझ्याकडे चालणार नाही. मास्तर बायकोला घेऊन आले. म्हणजे ती आपणहून आली, निकाल ऐकायला. साडू एकटाच आला, कमरेला पट्टा बांधून, आणि खुर्ची मागून घेतली. मास्तर उभेच राहिले.

टेबलावर फडकं अंथरून ताईने बेअरिंगच्या वाट्या मांडल्या होत्या. त्या काय असतात ते सांगते. इंजिनात पेट्रोलचा भडका उडतो, पिस्टन खाली ढकलला जातो, आणि पिस्टनला जोडलेला दांडा मुख्य फिरत्या कण्याला, म्हणजे क्रँकला, ढकलतो. दांडा आणि क्रँक जिथे भेटतात तिथे दोन अर्धगोल वाट्या असतात, एक वरची, एक खालची. त्यांच्यात आणि क्रँकमध्ये तेलाचा पातळ थर असतो. तो असेपर्यंत धातू धातूला लागत नाही. तो गेला की हातोडीचा आवाज येतो, आणि आवाज ऐकूनही कोणी गाडी चालवत राहिलं की दांडा तुटून इंजिनाच्या बाहेर येतो. तसा तो आला होता.

त्या दांड्याच्या वाट्यांचा तर लगदा झाला होता, त्यावरून काही कळण्यासारखं नव्हतं. पण बाकीच्या दांड्यांच्या वाट्या जोडीजोडीने मांडलेल्या होत्या. ताईने एकेक जोडी उलटी करून दाखवली. खालची वाटी जवळजवळ कोरी, करडी, गुळगुळीत. वरची वाटी मार खाल्लेली, वरचा थर उडून तांबूस धातू दिसायला लागलेला. प्रत्येक जोडी तशीच.

“तेल बदललं नसतं, किंवा कमी पडलं असतं, तर दोन्ही वाट्या गेल्या असत्या,” ताई म्हणाली. “इथे फक्त वरची गेलीय. वरून ठोकल्यासारखी.”

साडू खुर्चीत जरा ताठ झाला. म्हणाला, म्हणजे तेल मी बदलत होतो हे सिद्ध झालं. मास्तर म्हणाले, मग ठोकलं कोणी?

ताईने मास्तरांना विचारलं की पूल कुठल्या गिअरमध्ये चढता. मास्तर म्हणाले, चौथ्यात, हे काय विचारायचं झालं? ताईने हातातली वाटी खाली ठेवली. सायकलवरून चढ चढताना सगळ्यात जड गिअर लावून पेडल मारून बघा, म्हणाली. पाय जेमतेम फिरतो आणि प्रत्येक फेरीला गुडघ्यावर सगळा भार येतो. हे इंजिन जोरात फिरायला केलेलं आहे. त्याला हळू फिरवून वर ओझं ओढायला लावलं की तेलाचा दाब आधीच कमी असतो, आणि त्यात प्रत्येक भडका हातोड्यासारखा वरच्या वाटीवर बसतो.

“तुम्ही तिला कधी ओरडू दिलं नाही, मास्तर,” ती म्हणाली. “घुसमटून गेली ती.”

मास्तरांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते म्हणाले की शाळेच्या गाड्या याच पद्धतीने चालवतोय, त्यांना कधी काही झालं नाही. ताई म्हणाली, त्या गाड्यांत तेवढा जोरच नाही. मारामारी करायलाही अंगात ताकद लागते. मास्तर म्हणाले, गाडी चालवायला तू मला शिकवणार? ताई म्हणाली, मी गाड्या चालवायला शिकवत नाही, चालवून झालेल्या उघडते.

साडू आता चांगलाच खुलला होता. म्हणाला, “मास्तर, आमच्या दुकानात शिडी आहे. पाटी उतरवायला पाठवून देतो.”

हे त्याने बोलायला नको होतं. कारण मास्तरांची बायको, जी आतापर्यंत दाराशी पर्स धरून उभी होती, ताईला म्हणाली, “हे एवढ्या दिवसांत होतं का? आम्ही घेऊन दोन महिनेसुद्धा झाले नाहीत.”

ताईने मान हलवली. नाही म्हणाली. एवढी झीज दोन महिन्यांची नाही. एकाच्या हातून सुरू झालीय आणि दुसऱ्याच्या हातून संपलीय. मग तिने साडूकडे बघितलं. “तुम्ही कशी चालवायचात?”

साडू खुर्चीवर सरकला, कमरेवरचा पट्टा नीट केला. मास्तरांनी दोन पावलं पुढे येऊन विचारलं, “सांग ना. आता का दातखीळ बसली? पुलावर कुठला गिअर?”

“चौथा,” साडू म्हणाला.

“का?”

“का म्हणजे काय? तुम्हीच शिकवलंत.”

साडू मग बोलत सुटला, पण आता गोड नाही. रोज टाइल्सच्या गोदामातून दुकानात येताना तो पूल लागायचा. गाडी थरथरायची, स्टिअरिंग हातात बधिर व्हायचं. वाटायचं, महागड्या गाड्या अशाच असतील. हात खाली जायचा तिसऱ्यासाठी, आणि परत यायचा. “तुमच्या शाळेत शिकलोय ना मी. तुम्ही सांगितलं तसं केलं. माझी काय चूक?”

मास्तर इतक्या जोरात ओरडले की खड्ड्यात काम करणाऱ्या माणसाने डोकं वर काढलं. “सांगितलं म्हणून काय गाढवासारखं करत राहायचं? गाडी थरथरते, कळतंय, तरी?”

“तुमची थरथरत नव्हती?” साडू म्हणाला. “की तुम्हाला कळत नव्हतं?”

मास्तरांची बायको म्हणाली, “झालं. दोघांनी मिळून मारली. आता दोघांनी मिळून तिला खांदा द्या.” आणि तिने तिथूनच, सगळ्यांसमोर, बहिणीला फोन लावला. काय ठरलं ते सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, “माझ्या चपला धुतल्यास का?” पलीकडून काहीतरी लांबलचक उत्तर आलं, आणि ती ते ऐकत ऐकत गोदामाच्या बाहेर गेली. बहिणींचं भांडण तिथे संपलं. नवऱ्यांना त्यांनी विचारलंसुद्धा नाही.

नवऱ्यांचं संपलं नाही. गाडी परत घ्यायला साडू आला नाही, आणि मास्तरांनी घे म्हटलं नाही. कोणाच्या हातून गेली, याचं उत्तर दोघांनाही मिळालं होतं आणि दोघांच्याही उपयोगाचं नव्हतं. पिवळी गाडी ताईच्या गोदामामागे ताडपत्रीखाली उभी आहे. इंजिनाच्या जागी पोकळी आहे, आणि ताई दर आठवड्याला फोन करून विचारते की माझी जागा कधी मोकळी करताय. कुठल्याशा अपघातात चेपलेल्या तसल्याच गाडीचं इंजिन मिळतंय, तेही तिने सांगितलं. मास्तर म्हणतात, बघू.

पाटी अजून जागेवर आहे. तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. साडूही नाही, कारण तो बोलला तर प्रश्न येईल की त्या पाटीखाली शिकलेल्याने इतकी वर्षं काय केलं. पण मास्तर शाळेत शिरताना वर बघत नाहीत, असं सलूनवाला सांगतो. त्याचं ऐकावं की नाही हा प्रश्नच आहे, केसांचं भांडण अजून चालू आहे.

शिकवणं चालू आहे. माझ्या ऑफिसमधली एक मुलगी सध्या त्यांच्याकडे जाते. तिला मी मुद्दाम विचारलं. ती म्हणाली, पुलाच्या चढावर गाडी थरथरायला लागली तेव्हा तिने विचारलं, “सर, खालचा टाकू का?” मास्तर खिडकीबाहेर बघत होते. खेकसले, “मला काय विचारतेस? तुला कान नाहीत?” तिने टाकला. इंजिन ओरडलं. मास्तरांचा जबडा आवळलेला होता, पण जुडगा मांडीवरच राहिला. पूल उतरल्यावर मात्र त्यांनी तिला इंडिकेटर उशिरा दिला म्हणून पुढचा सगळा रस्ता झापलं.

मागच्या आठवड्यात ते टाइल्सच्या दुकानात गेले. भर दिवसा, शाळेची गाडी बाहेर लावून. मेहुणीने वरून बघितलं, जिन्यात येऊन सगळं ऐकलं आणि मास्तरांच्या बायकोला सांगितलं, आणि तिच्याकडून मला कळलं. दुकानात एक जोडपं बाथरूमसाठी फरश्या बघत होतं. मास्तर सरळ काउंटरपाशी गेले. साडूला वाटलं, हे पैशांसाठी आलेत. तो लगेच म्हणाला की सगळं बोलून झालंय. मास्तर म्हणाले, पैसे तुझ्यापाशी ठेव, मला एक विचारायचंय. साडू म्हणाला, गिऱ्हाईक आहे. मास्तर म्हणाले, असू दे, त्यांनाही ऐकू दे. साडूने हातातला नमुना त्या जोडप्यापुढे धरला आणि त्यावर पाय कसा घसरत नाही ते सांगायला लागला. मास्तर उभे राहिले. जोडपं गेलं, दुसरं गिऱ्हाईक आलं, तरी उभे राहिले. शेवटी साडू मागच्या खोलीत माल मोजायला म्हणून गेला तो बाहेर आलाच नाही.

तेव्हापासून तोच प्रश्न मास्तरांनी बायकोमार्फत पाठवून बघितला. मेहुणीने निरोप नवऱ्याला दिला की नाही, कोण जाणे. परवा ताईच्या गॅरेजमध्ये ताडपत्री वर करून ते गाडीत बसले होते, स्टिअरिंगच्या बाजूला. मी गेले तर मलाच विचारलं, साडूला विचारल्यासारखं, तितक्याच रागाने.

“गाडीत तू एकटा होतास. मी शेजारी नव्हतो, हातावर मारायला कोणी नव्हतं. थरथर तुला कळत होती, हात खाली गेला असं तूच म्हणतोस. मग तो परत वर का आला?”